जुना स्कॅनर उबंटूवर कधी दिसतो, कधी दिसत नाही : नवा घेण्याआधी हे करून बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला कळला तो असा, की घरात बाबांचा जुना कॅननचा कॅनोस्कॅन लाइड 110 स्कॅनर आहे, विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला म्हणून लॅपटॉपवर उबंटू 24.04 (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलंत, आता त्यातलं डॉक्युमेंट स्कॅनर हे ॲप एखाद्या वेळी स्कॅनर दाखवतं आणि बाकी वेळी सापडला नाही म्हणतं, लिनक्सचा ड्रायव्हर शोधून शोधून मिळाला नाही, आणि बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय म्हणून दोनशेच्या आसपास कागद पंधरा दिवसांत स्कॅन करून द्यायचेत. ड्रायव्हर कुठून मिळेल, का सरळ नवा स्कॅनर घेऊ, असं विचारलंय.

माझं दादरला डीटीपी आणि स्कॅनिंगचं छोटं दुकान आहे, बरीच वर्षं झाली सगळी मशीन लिनक्सवरच चालतात, आणि जुने फ्लॅटबेड (काचेवर कागद ठेवायचे स्कॅनर) माझ्या हातून इतके गेलेत की आता मोजत नाही. त्यावरून सांगतो, तुमच्या प्रश्नातला सगळ्यात कामाचा शब्द 'एखाद्या वेळी' हा आहे. ड्रायव्हर नसता तर स्कॅनर कधीच दिसला नसता, एकदाही नाही. एकदा जरी ॲपमध्ये नाव आलं तरी ड्रायव्हर आहे आणि त्याने स्कॅनर ओळखलाय, विषय संपला. म्हणजे ड्रायव्हर शोधण्यात तुमचे जे दोन रविवार गेले ते चुकीच्या दाराशी गेले. यात तुमची चूक नाही, विंडोजची सवयच तशी लागते, काही चाललं नाही की आधी ड्रायव्हरची सीडी आठवते.

लिनक्सवर स्कॅनरचं सगळं काम सेन नावाची व्यवस्था बघते. त्यात वेगवेगळ्या चिपच्या स्कॅनरसाठी वेगवेगळे बॅकएंड असतात, आणि ड्रायव्हर ड्रायव्हर म्हणून आपण जो शोधत असतो तो म्हणजे हा बॅकएंड. तुमच्या 110 ला जेनेसिस नावाचा बॅकएंड लागतो, तो उबंटूबरोबर आधीच आलेला असतो. त्याच घरातले लाइड 210, 120, 220 हेसुद्धा जेनेसिसवरच चालतात, नंतरचे लाइड 300 आणि 400 मात्र पिक्स्मा या बॅकएंडवर गेले. वेगळं काही डाउनलोड करायचं नाही. आणि नेटवरून दुसऱ्याच मॉडेलची डेब फाइल (उबंटूवर इन्स्टॉल करायची फाइल) टाकली असं जे लिहिलंयत ती आधी काढून टाका, तिचा उपयोग शून्य, उलट नंतर गोंधळ वाढवेल.

आता दिसत का नाही ते शोधू. आपल्याकडे जुन्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर पाणी आलं नाही तर आपण आधी खालची टाकी भरलीय का विचारतो, मग पंप, मग गच्चीवरची टाकी, मग आपल्या लाइनचा वॉल्व्ह, नळ बदलायचं कोणाच्या डोक्यात येत नाही. इथे नळ म्हणजे ते ॲप. लोक एक ॲप चाललं नाही की दुसरं टाकतात, मग तिसरं, आणि तिन्ही त्याच टाकीतून पाणी घेतात. म्हणून खालून सुरुवात करा. (कमांड देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थात इंग्रजीत करायच्या.)

सगळ्यात खाली यूएसबी. टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून एलएसयूएसबी कमांड द्या, एकदा स्कॅनर काढून आणि एकदा लावून. लावल्यावर एक ओळ वाढली पाहिजे, त्यात 04ए9:1909 असा नंबर असेल, पहिला भाग कंपनीचा आणि दुसरा मॉडेलचा. ही ओळच आली नाही तर सेन, बॅकएंड, ॲप सगळं विसरा, कॉम्प्युटरला वायरवर काही आहे हेच कळलेलं नाही. केबल, पोर्ट, नाहीतर स्कॅनर, तिघांपैकी एक.

मला तुमच्या बाबतीत इथलाच संशय जास्त आहे. हा स्कॅनर वेगळा ॲडॉप्टर घेत नाही, दिवा, मोटर सगळं यूएसबीतून मिळणाऱ्या करंटवर चालतं, आणि यूएसबी 2 च्या पोर्टमधून 500 मिलिअँपिअरच मिळतात. त्यात केबल जुनी, तिचं टोक सैल, मध्ये स्वस्तातला बिनपॉवरचा हब (एका पोर्टचे अनेक करणारा डबा) आणि त्याच हबला माऊस, पेनड्राइव्ह, मोबाइलचा चार्जर, मग मोटर हलायला लागली की स्कॅनर गपकन गळतो. दुकानात माझ्याकडे एकदा असाच स्कॅनर आला होता, मालक म्हणाला मरून गेलाय, मी तीन तास सेटिंग बघत बसलो, शेवटी केबल बदलली आणि चालू. तेव्हापासून आधी केबल बदलतो, मग बाकीचं बोलतो.

बघायची पद्धत अशी : सुडो डीमेसेज डॅश डब्ल्यू ही कमांड (सुडो म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने, डीमेसेज म्हणजे सिस्टिमच्या आतल्या नोंदी) चालू ठेवा आणि मग स्कॅनर लावा. स्क्रीनवर ओळी येतील. त्यात एरर -71 किंवा एरर -110 असं काही दिसलं तर भाषांतर करत बसू नका, केबल किंवा पोर्ट समजा. तसंच स्कॅन चालू असताना मध्येच डिस्कनेक्टची ओळ आली तर करंट अपुरा पडतोय. लॅपटॉपच्या सगळ्या पोर्टमध्ये लावून बघा, आतून निळे किंवा एसएस असं लिहिलेले पोर्ट यूएसबी 3 चे, जुन्या स्कॅनरचं त्यांच्याशी काही वेळा पटत नाही. तुमच्या लॅपटॉपला सगळेच तसे असतील तर मध्ये यूएसबी 2 चा हब घाला, स्वतःचा ॲडॉप्टर असलेला. ऐकायला उलटं वाटतं, नव्या पोर्टला जुना हब, पण माझ्या अनुभवात निम्म्या केसेस तिथेच मिटतात. ग्रँट रोड स्टेशनवरून लॅमिंग्टन रोडला चालत गेलात तर कुठल्याही दुकानात मिळेल, फक्त यूएसबी 2 असं तोंडाने सांगा, नाहीतर चांगला म्हणून तीनचाच देतील.

यूएसबीची ओळ दर वेळी येतेय, तरी ॲप नाही म्हणतंय, असं असेल तर पुढचा मजला. सेन-फाइंड-स्कॅनर आणि स्कॅनइमेज या दोन कमांड सेन-यूटिल्स पॅकेजमध्ये असतात, नसेल तर ॲप्टने (उबंटूची इन्स्टॉल करायची कमांड) टाकून घ्या. या दोघींत फरक आहे तो नीट समजून घ्या. पहिली नुसतं सांगते की हे यंत्र स्कॅनरसारखं दिसतंय, तिला बॅकएंडशी देणंघेणं नाही. दुसरी, म्हणजे स्कॅनइमेज डॅश कॅपिटल एल, ही बॅकएंडला विचारून सांगते. पहिलीत दिसला आणि दुसरीत नाही, तर एकतर बॅकएंड नाही किंवा परवानगी नाही, आणि तुमच्या मॉडेलला बॅकएंड आहे हे आपण वर बघितलंच. अजून एक, या दुसऱ्या कमांडला कधीकधी लॅपटॉपचा वेबकॅमच स्कॅनर म्हणून सापडतो, व्ही4एल असं लिहिलेलं येतं. ते बघून खूश होऊ नका. आपल्याला जेनेसिस लिहिलेली ओळ पाहिजे.

परवानगीची परीक्षा सोपी आहे. तीच कमांड आधी साधी द्या, मग पुढे सुडो लावून द्या. सुडोने दिसतो आणि साध्याने नाही, म्हणजे वॉल्व्ह बंद आहे. हल्ली लॉगिन केलेल्या माणसाला ही परवानगी आपोआप मिळते, पण दुसऱ्या युजरने लॉगिन करून ठेवलं असेल, किंवा तुम्ही दुसऱ्या मशीनवरून एसएसएच (म्हणजे दुरून लॉगिन) करून आला असाल, तर अडतं. उपाय म्हणजे आपल्या युजरला स्कॅनर नावाच्या ग्रुपात घालणं आणि लॉगआउट करून परत येणं. त्यासाठी यूजरमॉड कमांड वापराल तेव्हा डॅश स्मॉल ए कॅपिटल जी असं दोन्ही द्या. नुसतं कॅपिटल जी दिलंत तर नवा ग्रुप मिळतो आणि आधीचे सगळे जातात, सुडोसकट, मग स्कॅनर राहिला बाजूला आणि आपल्याच मशीनवर आपण पाहुणे. हसू नका, मी केलंय हे, तेसुद्धा गिऱ्हाइकाच्या मशीनवर. आणि सुडोने चालतंय ना, मग तसंच चालवू, असंही करू नका, फायली सगळ्या रूटच्या, म्हणजे ॲडमिनच्या, नावावर होतात आणि नंतर एकेक उघडताना वैताग येतो.

हे सगळं तुमच्या मॉडेलपुरतं बोललो. वाचणाऱ्या बाकीच्यांकडे दुसरा स्कॅनर असेल तर गोष्ट बदलते. एचपीच्या मशीनना एचपीलिप (एचपीचं लिनक्ससाठीचं सॉफ्टवेअर) लागतं आणि त्यातल्या काहींना वरून एक प्लगइन, जे एचपीलिपचं व्हर्जन बदललं की परत टाकावं लागतं, म्हणून अपडेटनंतर स्कॅनर गेला अशी ओरड होते. एप्सनचे बरेच जुने परफेक्शन सेनच्या एप्सन2 बॅकएंडवर चालतात, नव्यांसाठी कंपनीचंच एप्सन स्कॅन 2 लिनक्सला मिळतं. काही जुन्या स्कॅनरना, जीटी68एक्सएक्स किंवा स्नॅपस्कॅन बॅकएंडवाल्यांना, फर्मवेअरची (स्कॅनरच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरची) फाइल विंडोजच्या सीडीतून काढून योग्य फोल्डरमध्ये ठेवावी लागते, तिथे खरंच खटपट आहे. आणि वायफायवाले ऑल-इन-वन असतील तर सेन-एअरस्कॅन टाका, मॉडेल बघायचीसुद्धा गरज पडत नाही बहुतेक वेळा. विकत घ्यायच्या आधी सेन प्रोजेक्टच्या साइटवर सपोर्टेड डिव्हाइसची यादी असते, त्यात मॉडेल शोधा. दुकानदाराला लिनक्सवर चालेल का विचारलं तर तो हो म्हणणारच.

चला, धरून चालू की स्कॅनर दिसायला लागला. आता खरं काम, दोनशे कागद. इथे मला थोडं लांबण लावावं लागेल, कारण स्कॅनर चालू होणं हा अर्ध्या तासाचा विषय आहे आणि चुकीच्या सेटिंगवर दोनशे पानं स्कॅन करून परत बसणं हा चार दिवसांचा.

डॉक्युमेंट स्कॅनर ॲपमध्ये टेक्स्ट आणि इमेज असे दोन प्रकार असतात. आपल्याला वाटतं कागद आहे म्हणजे टेक्स्ट. पण टेक्स्टमध्ये रंग जातो आणि करड्याच्या चारच छटा उरतात, रिझॉल्युशनही मुळात 150 डीपीआयवर (म्हणजे दर इंचात 150 ठिपके) ठेवलेलं असतं. सोसायटीच्या कागदांवर काय असतं, निळ्या शाईची सही, जांभळा रबरी शिक्का, हिरवट स्टॅम्पपेपर, त्यावर फिकट झालेला रजिस्ट्रेशनचा नंबर. हे सगळं चार छटांत एकमेकांत मिसळून जातं आणि समोरचा म्हणतो शिक्का दिसत नाही. म्हणून सही-शिक्क्याचा प्रत्येक कागद इमेजमध्ये, रंगीत, 300 डीपीआय. मेंटेनन्सच्या पावत्या, लाइटबिलं यांना टेक्स्ट चालेल, फक्त प्रेफरन्सेसमध्ये जाऊन 150 चं 300 करा. उगाच 1200 करू नका. हिशोब असा आहे : ए4 पान 300 ला म्हणजे 2480 गुणिले 3508 पिक्सेल, रंगीत असेल तर कॉम्प्रेस न करता साधारण 26 एमबी. 600 केलं की चौपट, 1200 केलं की सोळापट, म्हणजे एक पान 400 एमबीच्या वर. आणि कागदावर मुळात तेवढं बारीक काही नसतंच. 600 मी फक्त जुन्या फोटोंना आणि अगदी बारीक अक्षरांना लावतो.

आता जी गोष्ट कोणी आधी सांगत नाही ती. तुमच्या स्कॅनरची काच ए4 ची आहे, 297 मिलिमीटर लांब. जुने करार, ॲग्रीमेंट, स्टॅम्पपेपरवरचं काही असेल, ते बहुधा लीगल साइजचं असतं, 356 मिलिमीटर. म्हणजे खालचे सहा सेंटिमीटर काचेच्या बाहेर, आणि सह्या नेमक्या खालीच असतात! विंडोजवर पण हेच होतं, हा लिनक्सचा दोष नाही. आधी सगळे कागद चाळून लीगलचे वेगळे काढा. पाच-दहा असतील तर प्रत्येक पान दोनदा स्कॅन करा, वरचा भाग आणि खालचा भाग, मधल्या तीन-चार ओळी दोन्हीत येऊ द्या, आणि दोन्ही पानं पीडीएफमध्ये एकामागे एक ठेवा, जोडत बसू नका, जोडलेला कागद बघून वकील उलट संशय घेतात. पन्नास-साठ असतील तर तेवढे गठ्ठ्यात घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जा, त्याच्या मोठ्या मशीनवर लीगल सरळ जातं. मूळ कागद मात्र समोर उभं राहून करून घ्या, ठेवून येऊ नका.

दुसरी अडचण बांधलेल्या वह्यांची. सोसायटीचं मिनिट बुक, शेअर रजिस्टर असलं काही असेल तर हा स्कॅनर तिथे कमी पडतो. पातळ यूएसबीवाल्या स्कॅनरमध्ये सीआयएस सेन्सर असतो, त्याला काचेला चिकटलेलंच स्पष्ट दिसतं, पान काचेपासून थोडं जरी उचललं गेलं की धूसर. वहीच्या शिवणीजवळची अक्षरं म्हणून पुसट येतात. जुन्या जाडजूड स्कॅनरमध्ये सीसीडी असायचा, त्याला खोली दिसायची. तुम्ही दाबून दाबून काच फोडाल, त्यापेक्षा वहीचे फोटो मोबाइलवर दिवसाउजेडी खिडकीशी काढा, ते यापेक्षा चांगले येतील. आणि कोणाकडे तो जुना जाड स्कॅनर असेल तर त्याच्या पोटाखाली एक लॉक असतं, ते उघडल्याशिवाय चालू करू नका, करकर असा आवाज येतो आणि काळजात धस्स होतं.

ए4 चे दीडशे कागद असतील तर ॲपमध्ये क्लिक-क्लिक करण्यापेक्षा स्कॅनइमेजचा बॅच मोड वापरा, मी दुकानात तोच वापरतो. डॅश डॅश बॅच मध्ये फाइलचं नाव पान%03डी.टिफ अशा पद्धतीचं द्या (नाव इंग्रजीतच), बरोबर डॅश डॅश बॅच-प्रॉम्प्ट, मोड कलर, रिझॉल्युशन 300, फॉरमॅट टिफ. मग कागद ठेवा, एंटर मारा, कागद बदला, एंटर मारा. फायली 001 पासून ओळीने पडत जातात. मधेच लाइट गेली तर डॅश डॅश बॅच-स्टार्ट देऊन पुढच्या नंबरपासून चालू करता येतं. एकजण कागद ठेवणारा आणि एकजण एंटर मारणारा, असं दोघांनी बसलात तर एका संध्याकाळी आटपेल, टीव्हीवर काहीतरी लावून. स्कॅनरची पुढची बटणं मात्र लिनक्सवर आपोआप चालत नाहीत, त्यासाठी स्कॅनबीडी नावाचा प्रकार आहे, दोनशे कागदांसाठी त्या भानगडीत पडू नका.

पीडीएफमध्ये शोधता यावं असं वाटत असेल तर ओसीआरमायपीडीएफ (स्कॅनमधली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) टाका, आणि त्याबरोबर टेसरॅक्टचं मराठीचं पॅकेज, भाषेत एमएआर अधिक ईएनजी द्या. छापील मराठी बऱ्यापैकी ओळखतं. टायपरायटरवरचं, ठसा पुसट झालेलं, कमी ओळखतं. हाताने लिहिलेल्याची आशा सोडा. आणि गावच्या जमिनीचे मोडीतले कागद याच गठ्ठ्यात असतील (अशा गठ्ठ्यांत निघतात हमखास), तर ते मराठी पॅकेजला वाचता येत नाहीत, त्याला देवनागरीच येते.

स्कॅनमध्ये वरून खाली सरळ उभी रेघ येत असेल तर कागदावर शोधू नका. जिथून स्कॅन सुरू होतो तिथे काचेच्या टोकाशी एक पांढरी पट्टी असते, स्कॅनर त्यावरून कॅलिब्रेशन करतो, तिथे धूळ बसली की रेघ येते. जेनेसिस हे कॅलिब्रेशन साठवूनही ठेवतो, होम फोल्डरमध्ये डॉट सेन नावाच्या लपलेल्या फोल्डरात, ती फाइल उडवली की नव्याने करतो. काच पुसताना द्रव काचेवर फवारायचा नाही, फडक्यावर घ्यायचा. मी एकदा फवारला होता, कडेने आत झिरपला आणि आतल्या बाजूला ढगासारखा डाग पडला तो कायमचा. मुंबईच्या पावसाळ्यात आतून बुरशीही धरते, म्हणून वापर नसेल तेव्हा पिशवीत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून ठेवा, बुटांच्या खोक्यातल्या चालतात.

नवा घ्यायचा का, त्यावर माझं मत : नवी केबल आणि पॉवरवाला हब लावूनही दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटरवर यूएसबीची ओळ आली नाही, तरच स्कॅनर गेला म्हणा. तेव्हाही दोनशे कागदांसाठी फ्लॅटबेड घेऊ नका, कागद आपोआप ओढणारा एडीएफवाला ऑल-इन-वन घ्या, आणि लीगल घेतो का ते बघून घ्या.

आज रात्री एवढं करा : केबल बदलून, हब काढून, एलएसयूएसबी तीनदा चालवा, दर वेळी स्कॅनर काढून परत लावून. तीनपैकी किती वेळा ओळ आली ते आणि डीमेसेजच्या शेवटच्या दहा ओळी इथेच टाका. तिन्ही वेळा आली असेल तर स्कॅनइमेजचं साधं आणि सुडोवालं, दोन्ही आउटपुट पण द्या. आणि लीगलचे कागद किती निघाले तेही सांगा.